हुंडी, कुंडी आणि झाडाचे वय

नदीला पूर येतो. काठावरचे एक फळझाड मुळांभोवतीच्या मातीसकट उपटले जाते, वाहत जाते आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या मळ्यात जाऊन रुतते. तिथे ते तगते, पुढे फळही धरते. हे झाड जुने समजायचे की नवे?

हा प्रश्न शेतकी महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेतला नाही. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात तो आहे आणि त्याचे उत्तरही तिथेच दिलेले आहे: मुळांभोवतीच्या मातीवर ते झाड जगू शकत असेल तर ते जुनेच, जगू शकत नसेल तर नवे. आपल्याकडचे रोपवाटिकावाले मुळांभोवतीच्या मातीच्या या गोळ्याला हुंडी म्हणतात. मिश्नातला मूळ शब्द आहे ‘सेला’, म्हणजे शब्दशः खडक. मुळांना घट्ट बिलगून दगडासारखा झालेला मातीचा गोळा, असा त्याचा अर्थ भाष्यकार लावतात. मी हिब्रू चाळिशीनंतर, शब्दकोश आणि भाषांतरे शेजारी ठेवून, गुरूशिवाय शिकायला घेतली. त्यामुळे या ‘खडका’पाशी मी बरेच दिवस अडून बसलो होतो. पुरात झाडाबरोबर खडक कशाला वाहत जाईल, हे काही कळेना. एका रोपवाटिकेत गावठी आंब्याचे रोप पिशवीतून काढताना पाहिले, वाळलेल्या मातीचा तो टणक गोळा हातात घेतला, आणि अर्थ लागला.

नियमाचे नाव ओर्ला. त्याचा आधार तोराच्या लेवीय या पुस्तकातल्या १९ व्या अध्यायातल्या २३ ते २५ या तीन वचनांत आहे. देशात येऊन खाण्याजोग्या फळांचे झाड लावले, तर पहिली तीन वर्षे त्याचे फळ निषिद्ध. चौथ्या वर्षीचे फळ पवित्र. ते यरुशलेमला नेऊन खायचे किंवा पैसे देऊन सोडवून घ्यायचे. पाचव्या वर्षापासून मालकाने खुशाल खावे. ‘ओर्ला’ हा शब्द सुंतेशी संबंधित आहे. ज्याची सुंता झालेली नाही, ज्याच्यावर आवरण आहे, ते ओर्ला. झाडाला हा शब्द लावणे आपल्या कानाला विचित्र वाटते, पण त्यामागची कल्पना साधी आहे: हे फळ अजून मोकळे झालेले नाही. निषेध फक्त खाण्यापुरता नाही. अशा फळाच्या सालीने रंगवलेले कापड जाळावे आणि त्याच्या टरफलांवर शिजवलेले अन्नही जाळावे, इथपर्यंत मिश्ना जाते. विकणे, देणे, कुठल्याही तऱ्हेने लाभ घेणे बंद.

मिश्नाच्या पहिल्या विभागात या विषयावर तीन अध्यायांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यावर गॅलिलीत रचलेल्या यरुशलेमी तालमुदाची चर्चा मिळते. बाबिली तालमुदात या प्रकरणाला स्वतंत्र चर्चाच नाही, जी आहे ती इतर प्रकरणांत विखुरलेली. कदाचित त्यामुळेच ओर्लावर लिहिणारे बहुतेक लोक तोरातली तीन वचने सांगतात, त्यामागचे ‘कारण’ सांगतात आणि थांबतात. माझा आक्षेप या थांबण्याला आहे. कारणे तीन वचनांना लागू पडतात. हुंडी आणि कुंडी समोर आली की ती अडखळतात.

ही कारणे काही सामान्य लोकांनी दिलेली नाहीत. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो याला या नियमात शेतीचे शहाणपण दिसले: कोवळ्या झाडावर फळाचा भार टाकू नये, त्याची ताकद मुळांत आणि खोडात जाऊ द्यावी. पहिली काही वर्षे कलमाचा मोहोर खुडून टाकणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराला हे सांगावे लागणार नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीसने ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ या ग्रंथात वेगळे कारण दिले. मूर्तिपूजक लोक झाडाच्या पहिल्या फळाचा भाग दैवताला वाहत, काही जादूटोण्याने फळ लवकर आणू पाहत. ती वाटच बंद करण्यासाठी हा निषेध, असे त्याचे म्हणणे. तेराव्या शतकातला नाख्मानिदीस म्हणतो की पहिले चांगले फळ ईश्वराला द्यायचे आणि सुरुवातीची तीन वर्षे फळ तेवढ्या योग्यतेचे नसते. शिवाय ते पाणचट असते, शरीराला बाधते.

तिन्ही कारणे वाचायला पटतात. आता एक झाड घेऊ. वीस वर्षांचे जैतून, भरघोस फळ देणारे. मालकाला ते दुसऱ्या बांधावर हवे आहे. त्याने ते उपटले, मुळांची माती झडू दिली आणि नव्या खड्ड्यात लावले. झाड जगले. मिश्नाच्या हिशोबाने ते आता नवजात आहे. पुढची तीन वर्षे त्याचे फळ निषिद्ध. इथे कोवळेपणाचे कारण लागत नाही, कारण खोड वीस वर्षांचे आहे. पाणचट फळाचे कारण लागत नाही. पहिल्या फळाचे तर नाहीच, पहिले फळ कधीच खाऊन झाले. उलट तेच झाड पुरेशा हुंडीसकट उचलले असते, तर एकही दिवस मोजावा लागला नसता.

कुणी म्हणेल, हुंडी फुटली की झाडाला धक्का बसतो, ते पुन्हा कोवळ्यासारखे होते, म्हणजे फायलो बरोबरच होता. हा युक्तिवाद मीही काही काळ मनात धरून होतो. पुढच्याच कलमाने तो मोडला. झाड उपटले गेले, पण एक मूळ जमिनीत शिल्लक राहिले, तर ते झाड जुनेच. मूळ किती जाड हवे? रब्बान गम्लिएलने बर्तोताच्या रब्बी एलाझार बेन येहुदाच्या नावाने माप दिले आहे: विणकर कापड ताणायला वापरतात त्या सुईएवढे. जमिनीला सुईएवढ्या एका मुळाने जोडलेल्या झाडाला धक्का बसलेला नसतो, असे कोणता माळी म्हणेल? झाडाची तब्येत हा इथे मुद्दाच नाही. धागा तुटला की नाही, एवढेच पाहायचे आहे.

मग बाकीची कलमे एकापाठोपाठ एक उलगडत जातात. दाब कलम घ्या. जुन्या वेलीची फांदी वाकवून मातीत दाबली, तिला मुळे फुटली. जोवर ती आईपासून तोडलेली नाही तोवर ती आईच्याच वयाची. तोडली त्या दिवसापासून तिची स्वतःची वर्षे सुरू. याच्या उलट प्रसंगही दिला आहे: जुने झाड उपटले गेले, पण त्याच्या दाबलेल्या फांदीने मातीत मूळ धरलेले आहे आणि मूळ झाड आता तिच्यावर जगते आहे. अशा वेळी आईला लेकीचे वय लागते. कोवळी काडी जुन्या खुंटावर बांधली, तर बाबिली तालमुदातल्या सोता या प्रकरणानुसार ती जुन्यात विरून जाते, तिला वेगळे वय नाही. आणि वेल पार जमिनीलगत छाटून टाकली, तर नंतर फुटलेला धुमारा जुन्या मुळांचा असूनही नवा. किती खाली छाटले म्हणजे नवा, यावर तिथे मतभेद आहे. रब्बी एलिएझेर बेन याकोव म्हणतो, वितीपेक्षाही लहान अशा मुठीच्या मापाएवढेही खोड उरले नाही तर नवा, कारण पाहणाऱ्याला ते नवे रोप वाटेल. इतर पंडित म्हणतात, अगदी मातीबरोबर कापले तरच.

या सगळ्यात वय खोडाला नाही, फांदीला नाही, फळाला नाही. वय आहे झाड आणि जमीन यांच्यातल्या नात्याला. हुंडी म्हणजे झाडाने बरोबर घेतलेला जमिनीचा तुकडा. तो पुरेसा असेल तर झाड हललेच नाही, जमीन हलली. ‘पुरेसा’ म्हणजे किती काळ जगवणारा, यावर भाष्यकारांत मोठी तफावत आहे. कुणाला काही दिवस पुरतात, कुणी वर्षांची भाषा करतो. पण कसोटी सर्वांची एकच आहे.

जमिनीबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे लावणाऱ्याचा हेतू. मिश्नाचे पहिलेच वाक्य असे की कुंपणासाठी किंवा लाकडासाठी लावलेल्या झाडाला ओर्ला नाही. रब्बी योसे तर म्हणतो, आतली बाजू खाण्यासाठी आणि बाहेरची कुंपणासाठी असे मालकाने ठरवले, तर आतले फळ निषिद्ध, बाहेरचे मोकळे. झाड एक, रस एक. आरोग्याचे कारण सांगणाऱ्यांनी हे कलम वाचले असते, तर पाणचट फळाबद्दल ते थोडे जपून बोलले असते. मायमोनिडीसने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या संहितेत एक महत्त्वाची भर नोंदवली आहे: कुंपणासाठी लावले आणि पुढे खाण्याचा विचार केला तर नियम लागू होतो, पण खाण्यासाठी लावून नंतर कुंपण म्हटले तर सुटका नाही. कारण शोधणारा मायमोनिडीस आणि कायदा लिहिणारा मायमोनिडीस हे या ठिकाणी दोन वेगळे लेखक वाटतात, आणि मला दुसरा अधिक विश्वासाचा वाटतो.

आता कुंडीकडे येऊ. इथे प्रकरण खरे अवघड होते.

मिश्नात कुंडीचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी येतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एका भोकावर अवलंबून असते. कुंडीला तळाशी बारीक मूळ बाहेर येईल एवढे भोक असेल, तर ती जमिनीसारखी. नसेल तर ती नुसते भांडे. शब्बाथच्या दिवशी भोकाच्या कुंडीतली भाजी खुडली तर शब्बाथ मोडला, बिनभोकाच्या कुंडीतली खुडली तर दोष नाही. (रब्बी शिमोन दोन्हीकडे सूट देतो.) द्राक्षमळ्यातल्या मिश्र लागवडीच्या नियमातही हाच फरक. मग झाडालाही तोच न्याय हवा: बिनभोकाच्या कुंडीतले डाळिंब म्हणजे भांड्यातले डाळिंब, त्याला ओर्ला कशाला?

यरुशलेमी तालमूद मात्र उलट सांगतो. झाड बिनभोकाच्या कुंडीत लावले तरी ओर्ला लागू. त्याने कारणही दिले आहे: मुळे कुंडी भेदतात. भाजीचे मूळ भोकाची वाट पाहते. झाडाचे मूळ वाट करते. आज भोक नसले तरी झाडाच्या दृष्टीने ती कुंडी बंद नाही. जहाजावर लावलेल्या झाडालाही मिश्ना सूट देत नाही, घरात लावलेल्यालाही तालमूद देत नाही. ज्याने हे कारण लिहिले त्याने फुटलेली कुंडी पाहिली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कारण मातीच्या कुंडीचे आहे. मध्ययुगात फ्रान्समध्ये मातीचे भांडे आणि लाकडी भांडे असा वाद झाला. राशी म्हणतो, मातीच्या भांड्याला भोकाची गरज नाही, लाकडीला आहे. त्याचा नातू रब्बेनू ताम नेमका उलटा पाठ धरतो. आजोबा-नातवाच्या या भांडणात दोघांचीही एक गोष्ट समान आहे: भांडे कशाचे आहे, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. मायमोनिडीसच्या संहितेत मात्र नियम येतो तो एका वाक्यात: बिनभोकाची कुंडी बियांसाठी जमीन नसली तरी झाडासाठी जमीनच आहे. भेदणारे मूळ तिथे दिसत नाही. योसेफ कारोने १५६५ मध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरुख’मध्ये तर नुसता निर्णय उरला. नियम जसजसा आखूड होत गेला तसतसा तो रुंद होत गेला, असे मला दिसते. कारण सोबत होते तोवर तो मातीच्या कुंडीचा नियम होता. कारण गळाले आणि तो सगळ्या कुंड्यांचा झाला, म्हणजे पुढे पत्र्याच्या, प्लास्टिकच्या आणि काचेच्याही.

आजच्या इस्राएलमध्ये हा पुस्तकी प्रश्न नाही. फळझाडाचे रोप वर्ष-दोन वर्षे रोपवाटिकेत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढते, मग शेतकरी ते नेऊन लावतो. रोपवाटिकेतली वर्षे धरली तर त्याची प्रतीक्षा तेवढी कमी होते. नाही धरली तर सगळी मोजणी खड्ड्यापासून सुरू. म्हणून धार्मिक देखरेखीखालच्या रोपवाटिकांत पिशवीला भोके हवीत, पिशवी थेट जमिनीवर हवी, मध्ये प्लास्टिकचा कागद किंवा काँक्रीट नको आणि लावताना हुंडी फुटायला नको. सफरचंद, पीच यांसारखी पानगळीची रोपे हिवाळ्यात उघड्या मुळांनी विकली जातात. त्यांना हुंडीच नसते, त्यामुळे त्यांचा हिशोब लावणीच्या दिवसापासून. हुंडी असली तरी तिच्यात आता पुष्कळदा माती नसते. कोकोपीट आणि परलाइट यांना ‘जमीन’ म्हणायचे का, हा आणखी एक वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

मोजणीचीही एक रीत आहे. ज्यू नववर्षाच्या किमान ४४ दिवस आधी झाड लावलेले असेल, तर ते उरलेले दिवस एक वर्ष धरतात: १४ दिवस मूळ धरायला आणि ३० दिवस वर्ष म्हणवून घ्यायला. एक दिवस उशीर झाला की पुढचे सबंध वर्ष पदरात पडते. तीन वर्षे भरल्यावरही शेवात महिन्याच्या १५ तारखेपूर्वी धरलेले फळ जुन्याच हिशोबात जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने आठवडाभराची दिरंगाई एका हंगामाची किंमत मागते. असा कायदा जेव्हा रोपवाटिकेतली पिशवी तपासतो, तेव्हा त्याने आपले कारण नीट सांगितले पाहिजे, अशी अपेक्षा गैर नाही.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. बिनभोकाच्या कुंडीत झाड तिथेच राहिले, तर त्याचे फळ निषिद्ध. म्हणजे कुंडी ही जमीन. तीन वर्षे तिथेच काढली तर पुढचे फळ मोकळे. म्हणजे कुंडीतली वर्षेही मोजली जातात. पण तेच झाड दोन वर्षांनी जमिनीत हलवले, तर अनेक निर्णयकर्ते ती दोन वर्षे पुसून पहिल्यापासून मोजायला सांगतात, कारण आता ती कुंडी जमीन नव्हती. फळ रोखताना कुंडी जमीन, आणि वर्षे मोजून घेताना भांडे.

या भूमिकेचा बचाव मला ठाऊक आहे. शंका असेल तिथे सावधगिरी घ्यावी, तोराचा निषेध मोडण्यापेक्षा दोन वर्षे थांबलेले बरे. शिवाय भोक नसलेल्या कुंडीत झाड आणि जमीन यांच्यात प्रत्यक्ष धागा नव्हताच, मग जमिनीत ते नवेच आले. दुसरा मुद्दा वजनदार आहे. तो नात्याच्या कसोटीशी जुळतो. मात्र तो मान्य केला, तर मुळाने न भेदता येणाऱ्या कुंडीतल्या फळावर ओर्ला लावणेही कठीण होते, निदान तोराच्या अधिकाराने. काही अर्वाचीन निर्णयकर्त्यांनी प्लास्टिक आणि धातूच्या भांड्यांबद्दल हा विचार केला आहे, पण रूढ व्यवहार संहितेच्या आखूड वाक्यावर चालतो. मला वाटते, यरुशलेमी तालमुदातले भेदणारे मूळ पुन्हा नियमाच्या मध्यभागी आणले तर दोन्ही बाजू सरळ होतात. मातीची कुंडी असेल तर फळ निषिद्ध आणि वर्षेही ग्राह्य; मूळ कधीच भेदणार नाही असे भांडे असेल तर दोन्हीही नाहीत. मी निर्णय देणारा नाही, ज्यू नाही, आणि माझ्या म्हणण्याने कुणाची रोपवाटिका बदलणार नाही. पण ग्रंथाची शिस्त ग्रंथाकडेच मागायला धर्म आड येत नाही.

देशाबाहेर हा नियम फार सैल होतो, आणि तो ज्या रीतीने सैल होतो ते वाचण्यासारखे आहे. मिश्ना तीन पायऱ्या सांगते. फळ ओर्लाचे आहे की नाही अशी शंका असेल तर देशात ते निषिद्ध, सीरियात चालते, आणि त्यापलीकडे तर बागेत उतरून विकत घ्यावे, फक्त त्या झाडाचे तोडताना डोळ्यांनी पाहू नये. बाबिली तालमुदातल्या किद्दुशीन या प्रकरणात लेवी नावाचा पंडित आपल्या मित्राला, शमुएलला, सरळ सांगतो की मला शंकेतले आणून दे, म्हणजे मी खाईन. आणखी दोन पंडित एकमेकांना अशीच फळे पुरवत. दुसरीकडे पुम्बेदिताचे काही चलाख लोक देशाबाहेर ओर्ला मुळी नाहीच असे म्हणू लागले, तेव्हा गॅलिलीतून रब्बी योहानानचा कडक निरोप आला: शंकेतले असेल तर गप्प राहा, खात्रीचे असेल तर नष्ट करा. नियम नाहीच असे म्हणणाऱ्यांच्या वंशाबद्दलही तो वाईट बोलला. नियम वाकवायला हरकत नव्हती, नाकारायला होती.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचा या नियमाशी संबंध येतो तो या सैल टोकाला. अलिबाग-पेण भागातल्या शनिवार तेल्यांनी बाजारातले फळ घेतले, तर मिश्नाच्याच हिशोबाने त्यांना विचारणा करायची गरज नव्हती. शेवात महिन्याची १५ तारीख, झाडांचे नववर्ष, ते एलियाहू हन्नबीचा उरूस म्हणून पाळतात. मलिद्याच्या ताटात फळे असतात. ज्या तारखेने ओर्लाचे फळ जुने की नवे हे ठरते, त्याच तारखेला कोकणात फळांचे ताट मांडले जात होते. १९४८ नंतर यांपैकी बरेच जण इस्राएलला गेले आणि एका बोटीच्या प्रवासात पायरी बदलली. जिथे शंका मोकळी करत होती तिथून जिथे शंका बांधते तिथे ते आले. आता घरामागे लावलेल्या पेरूची तारीख लक्षात ठेवणे भाग झाले.

पपईचे मात्र वेगळे. बगदादचे रब्बी योसेफ हय्यिम, ज्यांच्या मताकडे मुंबई-कोलकात्याचे बगदादी ज्यू डोळे लावून असत, त्यांनी ‘रव पआलीम’ या ग्रंथात पपईचा विचार केला: खोड पोकळ, फळ थेट खोडाला, बी पेरल्यापासून वर्षाच्या आत फळ. म्हणून ते झाड नव्हे. वांग्याबद्दलही त्याआधी असाच निर्वाळा झालेला होता. झाड नाही, म्हणून ओर्ला नाही. गच्चीतल्या कुंडीतली पपई पहिल्याच वर्षी खायला मोकळी. पण झाड नाही, म्हणजे तिचे मूळ कुंडी भेदते असेही आता म्हणता येणार नाही. तेव्हा तिचा दशांश काढताना कुंडी उलटी करून तळाला भोक आहे का, हे पुन्हा पाहावे लागते.